मोहाच्या क्षणी वचन: कोणते, कसे, आणि कुठे बिनसते?

पायवाट (धागाकर्ता)

सलाम मंडळी.

'मोह आला की बायबलमधले वचन म्हणा' हा सल्ला प्रार्थना सभेपासून युवक शिबिरापर्यंत सगळीकडे मिळतो. पण कोणते वचन, ते आधी कसे निवडायचे, नेमके कधी म्हणायचे आणि म्हणूनही मोह हटला नाही तर गडबड कुठे झाली, यावर फारसे कोणी बोलत नाही. मग योहान ३:१६ आणि स्तोत्र २३ एवढ्या शिदोरीवर लोक सगळ्या लढाया लढायला निघतात. दोन्ही उतारे अमूल्य आहेत, पण समोर पैशांचे पाकीट सरकवले जाते तेव्हा त्यांतले कोणते वाक्य उत्तर म्हणून द्यायचे ते सुचत नाही.

सुरुवात मत्तय ४:१-११ पासून करू, जिथे रानात सैतान येशूला तीनदा मोह घालतो. येशूने तिन्ही वेळा 'अनुवाद' या जुन्या करारातल्या पुस्तकातले वचन वापरले: ८:३ (अध्याय ८, ओवी ३), मग ६:१६, मग ६:१३. म्हणजे अध्याय ६ ते ८ हा एकच सलग पट्टा. एकूण ७१ ओव्या, मोठ्याने वाचल्या तरी पाव तासात होतात. ज्यांना हा विषय खरोखर करायचा आहे त्यांनी आधी हे तीन अध्याय एका बैठकीत वाचावेत. सुटी वचने पाठ करण्याआधी ती कोणत्या प्रसंगात बोलली गेली ते कळते.

जाणकारांनी भर घालावी. 'प्रार्थना करा, सगळे ठीक होईल' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

---

संदर्भासहित

चांगला धागा. त्या तीन उत्तरांत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. येशू मोहाच्या विषयावरचे वचन देत नाही, मोहामागच्या म्हणण्याला उत्तर देतो.

धोंड्यांच्या भाकरी कर, या सूचनेत भूक पाप नाहीच. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भूक लागणारच. सूचनेच्या पोटात दडलेले म्हणणे असे आहे: तू पुत्र असशील तर बाप तुला उपाशी कसा ठेवतो? तुझे तूच बघ. अनुवाद ८:३ नेमके याच जागी बसते. तिथे मोशे इस्राएल लोकांना रानातल्या भुकेची आणि मान्न्याची, म्हणजे देवाने रानात दिलेल्या अन्नाची, आठवण देतो: देवाने भूक लागू दिली आणि मग अन्नही त्यानेच दिले. म्हणून 'मनुष्य केवळ भाकरीने नव्हे' हे खादाडपणाविरुद्धचे वचन नाही, ते बापावरच्या भरवशाचे आहे. डाएट मोडताना हे म्हणून उपयोग झाला नाही तर नवल नाही.

दुसऱ्या वेळी सैतानच वचन काढतो. स्तोत्र ९१:११-१२. मूळ स्तोत्रात 'तुझ्या सर्व मार्गांत' तुझे रक्षण करावे असे आहे. लूकच्या शुभवर्तमानात तो 'रक्षण' ठेवतो आणि 'सर्व मार्गांत' गाळतो. मत्तयात ती सगळी ओळच जाते. मंदिराच्या शिरोभागावरून उडी मारणे हा चालण्याचा मार्ग नव्हेच, म्हणून तो तुकडा त्याला अडचणीचा. आणि लगेच पुढची ओवी, जिथे सर्प पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे, तिथवर तो जातच नाही!

येशूचे उत्तर अनुवाद ६:१६ चे: परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नकोस. त्या ओवीचा उरलेला भाग मस्सा या जागेचे नाव घेतो. ती हकिकत निर्गम १७ मध्ये आहे. पाणी नाही म्हणून लोकांनी विचारले, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? म्हणजे उत्तरामागे अख्खा अध्याय उभा आहे.

---

नवखा७७

हे समजले. पण रोजच्या वापरात कसे आणायचे? समजा रात्री अकरानंतर मोबाइलवर नको ते बघण्याचा मोह. त्याला कोणते वचन?

---

निळी_शाई

नवखा७७, प्रश्न थोडा फिरवा. 'कोणत्या पापाला कोणते वचन' असा तक्ता केला की तो आठवड्यात निरुपयोगी होतो, कारण एकच कृती वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे कारण सांगत येते.

एक साधी वही घ्या. पान उभे दुमडून दोन रकाने करा. डावीकडे मोह मनात जे वाक्य बोलतो ते जसेच्या तसे, आपल्या रोजच्या भाषेत. 'वासना' किंवा 'देहस्वभाव' असे लिहू नका. वाक्य लिहा. तुमच्याच उदाहरणात निदान चार वाक्ये संभवतात:

'आज दिवसभर राबलो, एवढा तर माझा हक्क आहे.' हा विसाव्याचा खोटा पत्ता आहे. त्याला मत्तय ११:२८, 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो'. इथे बंदीचे वचन चालत नाही, कारण थकवा खरा आहे आणि त्याला खरा विसावा हवा आहे.

'कोणाला कळणार आहे?' स्तोत्र १३९:११-१२, नाहीतर इब्री ४:१३. दोन्ही सांगतात की देवापासून काहीच लपत नाही.

'एकदाच. उद्यापासून बंद.' गलती ६:७, 'माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल.' एकदाच पेरलेलेही उगवते.

'काल पडलोच होतो, आता काय राहिलंय?' हे सगळ्यांत घातक. रोमकरांस ८:१ (ख्रिस्तात असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही) आणि त्याला जोडून ६:१-२ (कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय? कधीच नाही). नुसते ८:१ घेतले तर मोहच ते पळवतो आणि सवलत म्हणून वापरतो. जोडी मोडू नका.

उजव्या रकान्यात एका वाक्याला एकच वचन, फार तर दोन. पाच-सात लिहून ठेवली की ऐन वेळी त्यांतून निवडत बसावे लागते आणि तेवढ्यात बोट स्क्रीनवर गेलेले असते. पहिल्या महिन्यात चार-पाच वाक्यांपलीकडे जाऊ नये.

---

काठावरची

वहीची पद्धत पटली, पण एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. काही मोहांसमोर पवित्र शास्त्र आपल्याला उभे राहून वचन म्हणायला सांगतच नाही. पळायला सांगते. १ करिंथ ६:१८, जारकर्माच्या प्रसंगापासून पळ काढा. २ तीमथ्य २:२२, तरुणपणाच्या वासनांपासून दूर पळ. उत्पत्ती ३९ मध्ये धन्याची बायको मागे लागते तेव्हा योसेफ आधी कारण सांगतो, 'मी देवाच्या विरुद्ध पाप कसे करू?', तेही रोज रोज. पण शेवटच्या दिवशी तो बोलत बसत नाही. वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर पळतो.

अंथरुणात पडून, दिवा मालवून, हातात तोच फोन धरून वचन म्हणणे म्हणजे पळायच्या जागी वाद घालणे. रोमकरांस १३:१४ देहवासनेसाठी तरतूद करू नका म्हणते. आजची तरतूद म्हणजे उशाशी असलेला चार्जर. तो स्वयंपाकघरात लावा. गजरासाठी साधे घड्याळ आणा. फोनवर पासकोड लागणारी बंधने घाला आणि तो पासकोड नवरा, बायको किंवा विश्वासू मित्राला टाकायला सांगा. ऑनलाइन जुगाराचे अ‍ॅप असेल तर काढा आणि त्याला जोडलेले कार्डही काढा.

---

संदर्भासहित

काठावरची, +१. आणि दोन्ही गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीतच. १ करिंथ १०:१३ सगळ्यांना पाठ असते: देव विश्वसनीय आहे, तो परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करील. पुढची ओवी, १०:१४, किती जण म्हणतात? 'मूर्तिपूजेपासून दूर पळा.' निभावण्याचा उपाय पुष्कळदा दरवाजाच असतो. वचनाचे काम तो दाखवणे, चालत जायचे काम पायांचे.

---

रविवारची_शाळा

पाठांतराबद्दल लिहिते, कारण पुष्कळांचे गाडे तिथेच अडते.

पहिले म्हणजे भाषांतर एकच धरा. बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र असेल तर तेच. अ‍ॅपवर आज एक, उद्या सोप्या मराठीतले दुसरे असे केले की दोन्हींची खिचडी होते आणि तिसऱ्या शब्दावर जीभ अडखळते.

आठवड्याला एक वचन पुरे. म्हणताना आधी संदर्भ, मग वचन, मग पुन्हा संदर्भ. 'स्तोत्र ११९:११. मी तुझ्याविरुद्ध पाप करू नये म्हणून मी आपल्या मनात तुझे वचन जपून ठेवले आहे. स्तोत्र ११९:११.' शेवटचा संदर्भ लोक गाळतात. मग वचन आठवते पण ते कुठले हे आठवत नाही, आणि मागचा-पुढचा भाग उघडून बघता येत नाही.

लांब वचन अर्थाच्या जागी तोडा, श्वासाच्या जागी नाही. याकोब ४:७ चे दोन तुकडे: 'म्हणून देवाच्या अधीन व्हा' / 'आणि सैतानाला अडवा, म्हणजे तो तुमच्यापासून पळून जाईल'. पहिला तुकडा घट्ट झाल्याशिवाय दुसरा घेऊ नका. बहुतेकांना दुसराच पाठ असतो, आणि अधीन होण्याची अट गाळून नुसते अडवायला गेले की काय होते ते वेगळे सांगायला नको.

उजळणी: त्याच दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, सातव्या, पंधराव्या, तिसाव्या दिवशी. नंतर महिन्यातून एकदा. अडखळलात तर ते कार्ड पुन्हा दुसऱ्या दिवसाच्या गठ्ठ्यात. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा पुठ्ठा, एका बाजूला मोहाचे वाक्य, दुसऱ्या बाजूला संदर्भ व वचन. वाक्य वाचून वचन आठवायचे. उलट दिशेने सराव केला तर परीक्षेत गुण मिळतील, लढाईत नाही, कारण तिथे आधी मोह बोलतो.

आणि जागा. फक्त सकाळी देवासोबतच्या शांत वेळेत, टेबलाशी बसून पाठ केलेले वचन त्या टेबलाशीच चांगले आठवते. म्हणून ते जिन्यात, लोकलमध्ये, भांडी घासताना, ऑफिसच्या खुर्चीत म्हणा. जिथे मोह गाठतो तिथे तर नक्कीच, पण मोह नसताना.

भिंतीवर वचन चिकटवणाऱ्यांना: दोन आठवड्यांनी ते दिसेनासे होते. जागा बदलत राहा.

अवांतर: आपल्याकडे पाठांतराला चाल लावायची फार जुनी रीत आहे. फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले क्रिस्तपुराण हे ख्रिस्ती काव्य ओवी छंदात आहे ते उगाच नाही. तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, त्यामुळे ते तोंडात बसते. वचन ओवीच्या चालीवर म्हणून बघा. फक्त यमकासाठी शब्द बदलू नका.

---

वसईचा_वारा

निळी_शाईंची दोन रकान्यांची वही वाचून इजिप्तच्या वाळवंटातला इवाग्रियस आठवला. हा चौथ्या शतकातला संन्यासी, मृत्यू ३९९ मध्ये. त्याने हेच काम केले होते, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. 'अँतिर्हेतिकोस' नावाच्या त्याच्या ग्रंथाचे आठ भाग आहेत: खादाडपणा, जारकर्म, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, पोकळ प्रौढी, गर्व. प्रत्येक भागात आधी मनात येणारा विचार, मग त्याला शास्त्रातले उत्तर. अशा जवळपास पाचशे नोंदी. प्रस्तावनेत तो कारणही देतो: उत्तरे शास्त्रभर विखुरलेली आहेत आणि झुंजीच्या घडीला ती चटकन सापडत नाहीत, म्हणून आधीच गोळा करून ठेवली.

त्याची एक खुबी आपल्या वहीत घेण्यासारखी आहे. सगळी उत्तरे सैतानाकडे तोंड करून दिलेली नाहीत. काही त्या विचाराला आहेत, काही थेट प्रभूला प्रार्थना म्हणून, काही स्वतःच्या जिवाला. खिन्नतेच्या वेळी सैतानाला दटावून फार काही होत नाही. तिथे स्तोत्र ४२:५ उपयोगी: 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' ते स्वतःशीच बोलणे आहे. उजव्या रकान्यात वचनापुढे बारीक अक्षरात लिहून ठेवा: कोणाला?

आणि ज्यांना इतके काही जमणारच नाही, आजारी आहेत, डोके चालत नाही, त्यांच्यासाठी योहान कासियान या दुसऱ्या संन्याशाने त्याच वाळवंटातून आणलेली रीत. सगळ्या प्रसंगांना एकच ओवी: स्तोत्र ७०:१, देवा, मला सोडवायला त्वरा कर. आम्हा कॅथलिकांच्या दैनिक प्रार्थनेची सुरुवात आजही याच ओवीने होते.

---

चौकस

मला एक खटकते. हे सगळे मंत्र म्हटल्यासारखे होत नाही का? अमुक शब्द उच्चारले की सैतान पळाला?

---

संदर्भासहित

रास्त शंका. प्रेषितांची कृत्ये १९:१३-१६ वाचा. स्किवाचे सात मुलगे भुते काढायला येशूचे नाव सूत्रासारखे वापरतात आणि उघडेनागडे, जखमी होऊन घरातून पळतात. शब्द बरोबर होते, ज्याचे शब्द त्याच्याशी नाते नव्हते.

ओळखायची खूण सोपी आहे. वचन म्हटल्यावर तुम्ही देवाशी बोलायला लागता की फक्त 'गेला का, गेला का' म्हणून मोहाकडे बघत राहता? दुसरे होत असेल तर थांबा, वचनाचेच वाक्य प्रार्थनेत फिरवा. इब्री १३:५ म्हणत असाल, 'मी तुला सोडून जाणार नाही', तर पुढचे वाक्य तुमचे: प्रभू, या महिन्याचे भाडे थकले आहे, तरी तू आहेस, मला ही खोटी पावती करू देऊ नकोस. नेमकी गोष्ट, नेमके नाव.

आणि मोह लगेच गेलाच पाहिजे अशी अट कुठेही नाही. पहिल्या उत्तरानंतर सैतान गेला नव्हता. दुसरा प्रश्न घेऊन आला. लूक ४:१३ प्रमाणे शेवटीसुद्धा तो संधी मिळेपर्यंतच गेला.

---

काठावरची

चौकस यांच्या प्रश्नाला जोडून एक इशारा. काहींच्या मनात घाणेरडे किंवा देवनिंदेचे विचार नको असताना पुन्हा पुन्हा येतात, आणि ते 'रद्द' करायला ठराविक वेळा वचन म्हटले जाते. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दहाचे वीस, विसाचे पन्नास. हा मोहाशी लढा नाही, हा ओसीडी (मंत्रचळ हा मनाचा आजार) असू शकतो, आणि मोजून वचन म्हटल्याने तो वाढतो. तिथे पाळकांनी 'आणखी वचन म्हण' सांगू नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. उपचार आहेत.

तसेच दारू. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने शिबिरात हात वर करून त्याच रात्री एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, झटके, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकते. हा विश्वासाचा अभाव नव्हे, शरीराचा धर्म आहे. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नीतिसूत्रे २३:३१-३२ त्यानंतरच्या दिवसांसाठी: सुरुवातीला सुरेख दिसते, शेवटी सापासारखी डसते. ते 'शेवटी' महत्त्वाचे, कारण पहिला पेला नेहमी सुरुवातच दाखवतो.

---

निळी_शाई

राग आणि लाच यांवर कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात.

रागात लांब वचन आठवत नाही. चार-पाच शब्दांचे हवे. नीतिसूत्रे १५:१ चा पहिला अर्धा, 'मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते', तेवढाच पुरे. पण ते मनात म्हणायचे, समोरच्याला ऐकवायचे नाही! बायकोला भांडणात वचन फेकून मारणे हा वेगळाच मोह आहे. आणि इफिस ४:२६ घड्याळासारखे वापरा: सूर्य मावळायच्या आत निदान 'उद्या सकाळी शांतपणे बोलू' एवढे तरी बोलून घ्या.

लाचेत उलट आहे. तिथे वेळ असतो, सूचना आधी मिळते. निर्गम २३:८ सांगते की लाच डोळसाला आंधळे करते. म्हणून टेबलाशी बसायच्या आधी नकाराचे एक वाक्य स्वतःच्या शब्दांत ठरवून ठेवा, 'साहेब, फाइल नियमाने जाईल, हे परत ठेवा', आणि ते आरशासमोर मोठ्याने म्हणा. वचन मनाला घट्ट करते, पण तोंडातून बाहेर मराठीतला साधा नकारच जायचा असतो. पाकिटाकडे बघत विचार करायला लागलात की आंधळेपणा सुरू झालाच.

थकवा, उपासमार, अपुरी झोप असेल तर आधी ते बघा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, परत उठवून खाऊ घालतो. देवाचे बोलणे त्यानंतर, होरेब डोंगरावर.

---

नवखा७७

आणि एवढे करूनही पडलो तर?

---

वसईचा_वारा

तर त्याच दिवशी, झोपायच्या आत, १ योहान १:९. 'जर आपण आपली पापे पदरी घेतली'. पदरी घ्यायचे म्हणजे नाव घेऊन सांगायचे, 'काही चुकले असेल तर क्षमा कर' असे मोघम नाही. आमच्याकडे यासाठी पापनिवेदन आहे, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली. प्रॉटेस्टंट मंडळींनी याकोब ५:१६ (एकमेकांजवळ पापे कबूल करा) धरावे आणि एक माणूस ठरवावा: पुरुषाने पुरुष, बाईने बाई; विश्वासू, तोंडाने घट्ट, शक्यतो वयाने मोठा. त्याला आठवड्याला एकदा फोन करायचा, दिवस ठरलेला. 'मोह झाला की करेन' असे ठेवले तर फोन जात नाही.

मग वही उघडा आणि त्या वेळी मोह कोणते वाक्य बोलला होता ते डावीकडे लिहा. बहुतेक वेळा ते नवीन असते आणि उजवा रकाना रिकामा निघतो. तो भरणे हे उद्या सकाळचे काम. रात्री नको, रात्री मनाला शिक्षाच सुचते.

---

नवखा७७

धन्यवाद सगळ्यांना. वही आणतो. एक शेवटचे: घरात आजी आहेत, वाचता येत नाही. त्यांनाही हे करायचे आहे. त्यांचा मोह म्हणजे शेजारणीबद्दल बोलणे, असे त्या स्वतःच म्हणतात :)

---

रविवारची_शाळा

आजींना सलाम सांगा! न वाचणाऱ्यांचे पाठांतर अनेकदा आपल्यापेक्षा पक्के असते. स्तोत्र १४१:३ घ्या, मुखावर पहारेकरी ठेव अशी परमेश्वराला विनंती आहे, एकच ओवी. तुम्ही आधी संदर्भासह म्हणा, त्या मागून म्हणतील. सकाळी तीनदा, संध्याकाळी तीनदा, आठवडाभर. चाल त्यांनाच लावू द्या. आणि शेजारीण आली की ओवी मनात म्हणून आधी तिच्याच घरची खुशाली विचारायची, म्हणजे तिसऱ्या घराकडे विषय जायला वेळ लागतो.